आधीच्या धन्याचं कुलूप

जुनं यंत्र विकत घेण्यात सोलापूरनं कधी कमीपणा मानला नाही. महाराष्ट्रात यंत्रमागाची जी गावं वाढली, तिथले कितीतरी माग मोठ्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते. ट्रकमधून माग उतरायचा, जॉबर त्याचं तेलपाणी करायचा, झिजलेले भाग बदलायचा आणि पत्र्याच्या शेडमध्ये तोच खडखडाट पुन्हा सुरू व्हायचा. बीम चढला, धोट्यात कांडी बसली, वीज आली की माग चालला. आदल्या महिन्यापर्यंत तो कुणाचा होता, याच्याशी मागाला काही देणंघेणं नव्हतं. पैसे दिले, माग उचलला, व्यवहार पुरा.

सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जॅकार्डवर विणली जाते, त्याला सूचना मिळत आल्या त्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांतून. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकारनं १८०४ च्या सुमारास हा माग सिद्ध केला. पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तसेच पत्ते योजले आणि १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथनं माणसांची माहिती भोकांच्या पत्त्यांवर उतरवली. संगणकाचं घराणं शोधत गेलं तर ते असं मागापाशी पोचतं. या घराण्यातल्या ताज्या पिढीनं मात्र पूर्वजांकडे नसलेली एक गोष्ट कमावली आहे. तिला धनी आठवतो. सोलापूरच्या नवी पेठेतून किंवा पुण्यातल्या ओळखीतून आणलेला जुना लॅपटॉप उघडला की पडद्यावर एक नाव येतं, त्याखाली एक रिकामी चौकट येते. ते नाव आपलं नसतं आणि चौकटीत काय भरायचं ते आपल्याला ठाऊक नसतं.

पूर्व भागातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. अशी घरं सोलापुरात शोधावी लागत नाहीत. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी, घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी-कानडी-दखनीची सरमिसळ. मुलगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं एमएस-सीआयटी झालेलं आहे. २००१ पासून महाराष्ट्रातल्या लाखो मुलामुलींची संगणकाशी पहिली ओळख याच अभ्यासक्रमानं करून दिली. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळते, तिचा अर्जही आता राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावा लागतो. प्रोजेक्टचा अहवाल टाइप करायचा असतो, सीव्ही करायचा असतो. आजवर हे सगळं मोबाइलवर किंवा कॅफेत ताशी पैसे मोजून झालं. शेवटी घरात ठरतं, जुना का होईना, एक लॅपटॉप घेऊ. बारा-पंधरा हजार रुपये. ज्या घरात हजार विड्यांमागे मजुरी मोजली जाते, तिथे ही रक्कम किती महिन्यांची पदरमोड असते, हे सांगायला नको.

दुकानात लॅपटॉप चालू होतो. काउंटरवरचा पोरगा पटकन काहीतरी टाइप करतो, पडद्यावर विंडोज उघडतं, सगळे खूश. घरी आल्यावर एक-दोन दिवसांत यंत्र स्वतःहून अपडेट घेतं, बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि मग ते नाव आणि ती चौकट. मुलगी दुकानात फोन लावते.

"काका, पासवर्ड विचारतंय ओ."

"अगं पोरी, काल चालू करून दाखवलो की."

दोघंही खरं बोलत असतात. चालू करून दाखवणं ही आपल्या बाजाराची जुनी खातरजमा आहे. पंखा, शिलाई मशीन, मोटार, माग, सगळ्यांना ती पुरली. संगणकाला ती पुरत नाही. चालू यंत्र ताब्यात येणं आणि यंत्र आपलं होणं या इथे दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली काउंटरवर घडते. दुसरी घडवून आणावी लागते आणि ती कशी घडवायची हे घेणाऱ्याला माहीत नसतं, बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही नसतं. माझ्या मते या विषयातली सगळी अडचण या एका फटीत आहे.

ही यंत्रं येतात कुठून, तेही पाहायला हवं. मोठ्या कंपन्या तीन ते पाच वर्षांनी लॅपटॉप बदलतात. डेलचे लॅटिट्यूड, लेनोव्होचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक. अंगानं दणकट, कळफलक उत्तम. पुण्या-बंगळुरूच्या कचेऱ्यांतून ते लिलावात निघतात, ठोक व्यापाऱ्यांकडून फिरत जिल्ह्याच्या गावी येतात. सोलापूरची हजारो मुलं पुण्यात नोकरीला आहेत. शनिवार-रविवारी हुतात्मा एक्सप्रेसनं घरी येताना कुणी आपला जुना लॅपटॉप धाकट्या भावासाठी आणतो, कुणी मित्राचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. ज्यांच्यात ते नाही अशी, तब्येतीनं धडधाकट यंत्रं त्यामुळे बाजारात अधिकच स्वस्त झाली. पहिल्यांदाच संगणक घेणारं गिऱ्हाईक नेमकं त्यांच्याकडे वळतं.

आता कुलपाकडे येऊ. संगणकाला पासवर्ड लागला तो सामायिक वापरामुळे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी फर्नांडो कॉर्बातो यांनी एकाच संगणकावर अनेकांना आळीपाळीनं काम करू देणारी व्यवस्था उभारली, तेव्हा ज्याची त्याची कागदपत्रं वेगळी राहावीत म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. १९६२ मध्ये तिथल्याच ॲलन शेर या संशोधकाला ठरवून दिलेला वेळ कमी पडू लागला, तेव्हा त्यानं सगळ्या पासवर्डची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावानं काम उरकलं. म्हणजे कुलूप आणि त्याची चोरी यांचं वय जवळजवळ सारखंच आहे. पुढे यंत्रांनी पासवर्ड जसाच्या तसा साठवणं सोडून दिलं. त्यापासून गणितानं एक खूण तयार करायची आणि तेवढी जपायची, अशी रीत पडली. मंगळवेढ्याची ज्वारी दळली की पिठावरून दाणा परत जुळवता येत नाही, तसं त्या खुणेवरून मूळ शब्दाकडे जाता येत नाही. "कंपनीला फोन करून पासवर्ड विचारून घ्या" असा सल्ला नवख्याला हमखास मिळतो. तो निरुपयोगी आहे, कारण कंपनीकडे पासवर्ड नसतोच.

विंडोज ९५ च्या काळात ही चौकट आली तर 'कॅन्सल' दाबून आत जाता यायचं. तिथे पासवर्ड विचारला जाई तो मुख्यतः नेटवर्कसाठी. एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत 'सेफ मोड'मध्ये गेलं की बिनपासवर्डचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं उघडं असे. आज चाळिशीत असलेल्या कितीतरी दुरुस्तीवाल्यांची उमेदवारी याच दोन युक्त्यांवर झाली. म्हणून 'पासवर्ड तोडून देतो' हे वाक्य बाजारात अजून सहज उच्चारलं जातं. पण त्यानंतर कुलूप जागा बदलत गेलं. आधी ते फक्त पडद्यावर होतं. मग ते डिस्कमध्ये उतरलं, मग मदरबोर्डवरच्या चिपमध्ये आणि अखेर हजारो मैलांवरच्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये. नवख्या माणसाचं पहिलं काम एवढंच, की आपल्यासमोरचं कुलूप नेमकं कुठे बसलंय ते ओळखणं. त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही, पडदा नीट वाचावा लागतो.

विंडोजचं चित्र आलं, त्यावर नाव आणि खाली पासवर्ड किंवा पिनची चौकट, तर ते खात्याचं कुलूप. यात घाबरण्यासारखं काही नाही. कोपऱ्यातल्या बंद करण्याच्या खुणेवर बोट नेऊन, शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं की दुरुस्तीचा वेगळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, मग रीसेट धिस पीसी, मग रिमूव्ह एव्हरीथिंग. चार्जर लावून ठेवायचा आणि वाट पाहायची. आधीच्या माणसाचं खातं, फायली, फोटो सगळं जातं आणि यंत्र नव्यानं विचारतं, भाषा कोणती, नाव काय. हा मार्ग कुठली पळवाट नाही. विंडोज बनवणाऱ्यांनीच तो ठेवलेला आहे.

दुसरा पडदा निळा असतो आणि अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागतो. हा बिटलॉकर. नवखी माणसं सर्वांत जास्त घाबरतात ती याला, आणि त्यांची भीती चुकीच्या जागी आहे. बिटलॉकर २००७ च्या विस्टापासून विंडोजसोबत आला. आता तर कित्येक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं पहिल्यांदा प्रवेश केला की डिस्क आपोआप सांकेतिक होते आणि ती अठ्ठेचाळीस आकडी किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. आधीच्या मालकाला अनेकदा हे घडल्याचाही पत्ता नसतो. पण बिटलॉकर राखतो ती माहिती. यंत्र तो राखत नाही. आत असलेलं काही वाचायचं नसेल, तर त्या किल्लीची गरजच पडत नाही. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोजची प्रत आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्यायची, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा, जुने सगळे कप्पे पुसायचे आणि नव्यानं विंडोज टाकायचं. आधीच्या धन्याचे फोटो कायमचे वाचण्यापलीकडे जातात. दोघांच्याही दृष्टीनं हे उत्तमच.

इथे बाजारातल्या एका गैरसमजाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण त्यात लोकांचे पैसे जातात. विंडोज नव्यानं टाकलं की ते पुन्हा विकत घ्यावं लागतं, किंवा 'ॲक्टिव्हेटर'वालं चोरटं विंडोज टाकावं लागतं, असं सर्रास सांगितलं जातं. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच लिहिलेली असते. विंडोजची तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच ती आपोआप मान्य होते, वेगळे पैसे नाहीत. उलट ॲक्टिव्हेटर चालवण्यासाठी आधी विंडोजची सुरक्षा बंद करायला सांगतात. ज्या यंत्रावर पुढे बँकेचं खातं उघडलं जाणार, त्याची सुरक्षा पहिल्याच दिवशी बंद करणं हे त्या घरावर अन्याय करणारं आहे. दुकानदार ते वाईट हेतूनं करतो असं मी म्हणत नाही. त्याला त्याच्या उस्तादानं तेच शिकवलं.

खरं अवघड कुलूप दिसायला सर्वांत साधं असतं. विंडोजची खूण उमटण्याआधीच, काळ्या पडद्यावर एक छोटीशी चौकट येते, कधी नुसतं कुलपाचं चित्र. हा बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या मूळ प्रणालीचा पासवर्ड. जुन्या डेस्कटॉपमध्ये तो मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या नाणेवजा सेलच्या जिवावर टिकायचा; सेल काढला की सेटिंगं पुसली जायची. म्हणून 'सेल काढून बघ' हा उपाय लोकांच्या तोंडी बसला. पण कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड विजेवर न विसंबणाऱ्या चिपमध्ये असतो. सेल काढून तिथे काहीच होत नाही, झालंच तर नवखा माणूस स्क्रू हरवतो आणि रिबन केबल तोडतो. थिंकपॅडचा सुपरव्हायझर पासवर्ड विसरला तर सिस्टीम बोर्ड बदलावा लागेल, असं लेनोव्हो स्वतःच सांगते. बोर्डाची किंमत पाहिली तर त्या रकमेत दुसरा जुना लॅपटॉप येईल. डेलसारख्या कंपन्या मालकी सिद्ध केल्यास मदत करतात, पण त्यासाठी यंत्राची मालकी त्यांच्या दप्तरी आपल्या नावावर झालेली असावी लागते आणि त्याला खरेदीचा कागद लागतो. पुन्हा गाडी कागदावर येते.

आणि एक प्रकार असा, की जो दुकानात दिसतच नाही. कंपन्या आपले लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट व्यवस्थेत नोंदवतात. यंत्राच्या अंगच्या खुणा थेट सर्व्हरवर कंपनीच्या नावानं जमा होतात. डिस्क पुसा, बदला, काही करा. नव्यानं सुरू होताना इंटरनेट मिळालं की पडदा स्वागत करतो ते त्या कंपनीच्या नावानं आणि तिथल्या नोकराचा ईमेल मागतो. काही ठिकाणी इंटरनेट न जोडता विंडोज टाकून ही अडचण झाकली जाते. ते यंत्र महिनोन्‌महिने नीट चालतंही. पुढे कधीतरी रीसेट केलं की पुण्यातल्या किंवा बंगळुरूमधल्या कुठल्याशा कंपनीचं नाव सोलापूरच्या खोलीत उगवतं. मॅकबुकमध्ये हेच काम ॲक्टिव्हेशन लॉक करतं. २०१८ पासून टी२ चिप असलेल्या आणि २०२० पासूनच्या ॲपलच्या स्वतःच्या चिपांवरच्या मॅकना ते लागू शकतं. ही कुलपं सहसा नोंदवणाराच काढू शकतो. दिलासा इतकाच, की त्यासाठी त्याला आपल्यासमोर यावं लागत नाही. कंपनीचा आयटी विभाग ऑटोपायलटच्या यादीतून यंत्र वगळू शकतो, मॅकचा मालक आपल्या आयक्लाउड खात्यात जाऊन घरबसल्या यंत्र मोकळं करू शकतो.

म्हणून आधीच्या मालकाशी बोलणं हा पहिला उपाय आहे. आपल्याकडे तो शेवटी सुचतो. आणि बोलताना पासवर्ड मागायचा नाही. पासवर्ड मागितला की समोरचा माणूस बिचकतो आणि त्याचं बिचकणं रास्त आहे. त्याच पासवर्डावर त्याचा ईमेल, कधी बँक उभी असते. मागायचं ते हे : "दादा, तुमचं यंत्र माझ्याकडे आलंय. तुमच्या खात्यातून ते काढून टाका आणि बायोसला पासवर्ड ठेवला असेल तर तेवढा सांगा, मी तो लगेच काढते." हे ऐकल्यावर माणसं सहसा मदत करतात. आपलं काही त्या यंत्रात राहून गेलंय याची जाणीव त्यांनाही तेव्हाच होते.

पण बहुतेक नवखे पहिल्या तासात नेमकं उलटं करतात. आधी अंदाजानं पासवर्ड टाकत बसतात. चुकीचे प्रयत्न वाढले की यंत्र थांबायला लावतं आणि काही वेळा रिकव्हरी की मागू लागतं; साधं कुलूप आपण होऊन अवघड होतं. मग मोबाइलवर शोध, त्यातून मिळालेला कुठलातरी 'हेल्पलाइन' क्रमांक. पलीकडचा गोड बोलणारा माणूस आधी ५०० रुपये मागतो, मग मोबाइलवर एक ॲप घ्यायला सांगतो, मग ओटीपी. लॅपटॉप उघडत नाही आणि खातं रिकामं होतं. असं घडलंच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करायचा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते.

कायद्याचा मुद्दा या सगळ्याच्या तळाशी आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं हा गुन्हा ठरू शकतो. कलम ६६ ब चोरीचं संगणकीय साधन जाणूनबुजून किंवा तसं मानायला कारण असताना ठेवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. 'तसं मानायला कारण असताना' या शब्दांकडे लक्ष द्या. निम्म्याहून कमी भाव, चार्जर नाही, बिल नाही, बायोसला कुलूप आणि विकणारा घाईत, ही सगळी कारणंच आहेत. हरवलेल्या मोबाइलसाठी देशात सोय आहे; संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर फोनचा आयएमईआय क्रमांक टाकला की फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. लॅपटॉपसाठी असं खिडकीवर विचारता येईल असं काही नाही. तिथे गरीब गिऱ्हाइकाचं एकमेव संरक्षण म्हणजे बिल आणि त्यावर लिहिलेला यंत्राचा सीरियल नंबर. कच्च्या चिठ्ठीवर 'एक लॅपटॉप' एवढंच लिहून घेऊन घरी जाऊ नये.

मात्र एक प्रसंग असा आहे, जिथे पुसून टाका हा सल्ला मी देणार नाही. करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कितीतरी घरांतली कर्ती माणसं अचानक गेली. त्यांचे संगणक घरातच राहिले. मुलाच्या हाती वडिलांचा लॅपटॉप येतो तेव्हा तोही एका अर्थानं वापरलेला, हस्तांतरित झालेला, आणि कुलूपबंद. पण इथे यंत्राची किंमत शून्य आणि आतल्या फोटोंची, हिशेबाच्या वह्यांची, विम्याच्या कागदांची किंमत मोठी. अशा वेळी रीसेटच्या बटणाला हातही लावू नये. डिस्क सांकेतिक नसेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट किंवा उबंटू सुरू करून जुन्या डिस्कवरच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात. मूळ विंडोजला धक्का लागत नाही. ते जमत नसेल तर जाणत्याकडे नेऊन 'फक्त माहिती काढायची आहे' हे स्पष्ट शब्दांत आणि लिहून द्यावं. डिस्क सांकेतिक असेल, तर सगळी आशा वडिलांच्या ईमेल खात्यावर आणि त्यांच्या सिमकार्डावर येऊन थांबते. म्हणून माणूस गेल्यावर त्याचं सिम लगेच बंद करू नका, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. गूगलनं २०१३ मध्ये आणि ॲपलनं २०२१ मध्ये, आपल्या पश्चात खातं कुणाकडे जावं हे जिवंतपणीच नोंदवायची सोय केली. आपल्याकडे शेताच्या सातबाऱ्यावर वारसाची नोंद लावायला माणसं तलाठ्याकडे खेटे घालतात. ही नोंद तर बसल्या जागी होते, पण तिची गरज कुणी समजावून सांगितलेली नाही.

कुलपाविरुद्ध माझी तक्रार नाही. डोंबिवली लोकलमध्ये किंवा रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये ज्याचा लॅपटॉप चोरीला गेला, त्याच्या बाजूनं हेच कुलूप उभं राहतं. माझी तक्रार, व्यवहार करताना कुलपाचा विचारच न करण्याच्या सवयीविरुद्ध आहे. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. त्या ढिगात चांगल्या प्रोसेसरचे, चांगल्या पडद्याचे लॅपटॉप केवळ कुणीतरी आपलं नाव काढायला विसरलं म्हणून जाऊन पडावेत, हे मला सहन होत नाही. नाव काढणं अवघड नाही. विंडोजमध्ये रीसेट करताना डिस्क नीट साफ करण्याचा पर्याय निवडायचा. मॅकमध्ये २०२१ च्या माँटेरीपासून सगळं पुसून खातं वेगळं करणारी एकच आज्ञा आहे. बायोसमध्ये जाऊन पासवर्ड काढायचा. पुण्यातून धाकट्या भावासाठी लॅपटॉप आणणाऱ्यानं गाडीत बसण्याआधी हे केलं पाहिजे.

दुकानदारांकडून अपेक्षा अवास्तव नाहीत. 'चालू करून दाखवतो' याच्या जागी 'पुसून, नेट जोडून, सुरू करून दाखवतो' एवढा बदल हवा. गिऱ्हाइकासमोर यंत्र रीसेट करावं, तिच्याच मोबाइलचा हॉटस्पॉट जोडावा आणि तिचं स्वतःचं खातं तयार होईपर्यंत थांबावं. कंपनीचं नाव उगवायचं असेल तर ते तिथेच उगवेल. चालू करताना डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१०, थिंकपॅडमध्ये एफ१ दाबून बायोस उघडतो का आणि तिथे एखादी सेटिंग बदलता येते का तेही पाहावं. काही जुन्या यंत्रांच्या बायोसमध्ये 'कॉम्प्युट्रेस' नावाची ओळ असते. ती चोरी शोधण्याची व्यवस्था आहे; 'ॲक्टिव्हेटेड' दिसलं तर यंत्र अजून कुणाच्यातरी नजरेखाली आहे, असं यंत्र घेऊ नये. आणि बिलावर सीरियल नंबराखाली एक ओळ लिहावी : बायोस पासवर्ड नाही, कोणत्याही कंपनीची किंवा खात्याची नोंदणी नाही, आढळल्यास परत घेऊ. जो दुकानदार ही ओळ लिहील त्याच्याकडे दोन हजार जास्त देऊन घ्यावं, असं मी कुणालाही निःशंकपणे सांगेन.

दुसरं काम महाविद्यालयांचं आहे. सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, वालचंद आहे, केगावला २००४ पासून जिल्ह्याचं स्वतःचं विद्यापीठ आहे. संगणक शाखेची शेकडो मुलं दरवर्षी याच शहरात शिकतात. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात, त्याच दिवसांत जुन्या लॅपटॉपची सर्वाधिक खरेदी होते. त्या महिन्यात आठवड्यातला एक दिवस, प्रवेशाच्या रांगेशेजारीच एक टेबल मांडावं. विंडोज आणि लिनक्सचे दोन-तीन पेनड्राइव्ह, वेगवेगळ्या पिनांचे चार्जर, एक वायफाय आणि तिसऱ्या वर्षाची चार मुलं. येणाऱ्यानं बिल दाखवायचं, यंत्र दाखवायचं. खात्याचं किंवा बिटलॉकरचं कुलूप असेल तर तिथेच मोकळं होईल. बायोसचं किंवा कंपनीचं असेल, तर ते कुणाला सांगून काढून घ्यायचं आणि न निघाल्यास कोणत्या शब्दांत लॅपटॉप परत करायचा, याचा मराठीत मजकूर तयार असेल. ज्या मुलीच्या घरात कुणीही आजवर संगणक घेतलेला नाही, तिच्यासोबत दुकानात परत जायला त्या चौघांतला एक जण तयार असावा. तिच्या वडिलांना दुकानदाराशी मराठीतून भांडायचा संकोच वाटत असेल, तर त्यांच्याशी आधी तेलुगूत बोलून घेणाराही सोलापुरात सहज मिळेल.